कॉम्प्रेसर अजून घ्यायचाच आहे

अहो, सकाळी जावयांचा फोन आला होता. तेरवी होऊन पाव्हणे आपापल्या गावी गेले, तरी ते रोज फोन करतात. आधी जेवलात का विचारतात आणि मग हळूच कॉम्प्रेसरवर येतात. आज म्हणाले की चंद्रपूरच्या दुकानदारानं दोन बाजूला काढून ठेवले आहेत, मम्मी, लहान की मोठा एवढंच सांगा, रविवारी गाडीत टाकून घेऊन येतो. आपल्या शुभांगीचं म्हणणं, बाबांचं काम दिवाळीच्या आत पूर्ण झालं पाहिजे. मी "सांगते" म्हणून फोन ठेवला आणि तुमच्या खुर्चीवर चिडले. रिकाम्या खुर्चीवर चिडणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील ते म्हणोत. मला तरी दुसरं कोण सापडणार होतं?

परवा समाचाराला आलेल्या एका बाईनं विचारलं, हे कॉम्प्रेसर म्हणजे पंक्चरवाल्याकडे असते तेच का? मी म्हटलं, हो बाई, तेच, पण घरगुती. टाकीत हवा भरायची, ती नळीनं नेल गनमध्ये सोडायची. गनचं तोंड लाकडावर टेकवून घोडा दाबला की बारीक पिन आत जाते. हातोडी नको, ठोकाठोकी नको. आमच्या दारं-खिडक्यांच्या चौकटींभोवती सागवानाच्या पट्ट्या बसवायच्या आहेत, त्याच्यासाठी. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "एवढ्याशा कामाले चामोर्शीत सुतार नाई भेटला का?" आणि मला हसू आलं. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. हाच प्रश्न मी तुम्हाला वर्षभर विचारून तुमचं डोकं खाल्लं होतं.

गवंड्यानं चौकटी बसवल्या त्या एकही सरळ नाही. चौकट आणि प्लास्टर यांच्यामध्ये बोट जाईल अशी फट ठेवून तो निघून गेला. कुठे फट रुंद, कुठे अरुंद, कुठे चौकट भिंतीच्या बाहेर आलेली, कुठे आत गेलेली. आपण त्या फटीतून येणाऱ्या मुंग्या झाडत इतकी वर्षं काढली. तुम्ही रिटायर झालात आणि महिन्याभरात लाकूड कापायच्या आरामशीनवरून सागवान आणलं, बिलासकट. मी म्हटलं, आता हे काय काढलंत? तुम्ही म्हणालात, फट झाकून राह्यलो. मग सुरू झालं तुमचं रंधा मारणं. एकेक पट्टी तिच्या चौकटीला लावून पाहायची, जिथे भिंत फुगलेली तिथे पट्टीची पाठ घासायची, पुन्हा लावायची, पुन्हा घासायची. एका दाराला किती दिवस लागले ते मी मोजलंच नाही. मोजलं असतं तर भांडण झालं असतं.

पट्ट्या तयार झाल्या, पॉलिश झाल्या, आणि तिथे घोडं पेंड खाऊ लागलं. लावायच्या कशानं?

खिळा म्हटलं की तुम्ही का बिचकता हे मला माहीत होतं. भामरागडला तुमची बदली झाली तेव्हा आपलं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टीला ड्रेसर म्हणून लागलेला माणूस, पण गावोगावचे लोक तुम्हाला डॉक्टरच म्हणायचे आणि तुम्हीही कधी नाही म्हणाला नाहीत. पावसाळ्यात नदीचा पूल पाण्याखाली गेला की आपण तिथेच अडकायचो. अशाच एका पावसाळ्यात माझ्या शिलाई मशीनचा पाट फुगून उकलला आणि तुम्ही सागवानाची फळी ठोकून नवा पाट केलात. मी त्याच्यावर शिवत होते तर एका खिळ्याचं डोकं वर आलं. एका मुलीच्या लग्नाच्या ब्लाउजचं कापड त्यात अडकून टर्रकन फाटलं. कापड कुठून भरून देणार, रस्ताच बंद. तुम्ही दोन दिवस धड जेवला नाहीत. खिळ्याचं डोकं दिसलं की तुम्ही अंगठ्यानं चाचपून पाहायला लागलात ते तेव्हापासून. तो पाट आजही माझ्या मशीनखाली आहे. मी याच पाटावर वही ठेवून हे लिहिते आहे आणि तो जरासुद्धा हलत नाही, हे तुम्हाला कधी सांगायचं राहून गेलं.

तर हातोडी नको, हे ठरलं. पातळ पट्टीला हातोडीनं खिळा मारला की ती चिरते, धक्क्यानं प्लास्टर पडते, वर खिळ्याचं डोकं दिसते ते वेगळंच. नेल गनची पिन लाकडात बुडते, वर बारीक भोक राहते, मेणानं भरलं की झालं. हे सगळं तुम्ही मोबाईलवर पाहून शिकलात. शिकलात म्हणजे काय, त्याचा कीस काढलात. जेवताना गन, झोपताना कॉम्प्रेसर. जाड पिनेची गन घेतली तर भोक मोठं दिसते. अगदी बारीक पिनेची घेतली तर भोक दिसत नाही पण पट्टी धरून राहील याचा भरवसा नाही. सागवान कडक, त्याला हवेचा जोर जास्त लागतो. त्या जुन्या लसीच्या पिचकारीची आठवण आहे? गुरांना लस टोचायची ती लोखंडी, घोडा दाबायची. ती हातात घेऊन तुम्ही स्वयंपाकघराच्या चौकटीसमोर उभे राहायचात, तोंड टेकवायचं, दाबायचं, "ठप्" असा आवाज तोंडानंच काढायचा. शेजारच्या मुली कंपाउंडवरून पाहून हसायच्या. मी त्यांना हाकलायचे आणि आत येऊन स्वतः हसायचे.

कॉम्प्रेसरचं चऱ्हाट तर संपतच नव्हतं. बिनतेलाचा घ्यायचा की तेलाचा. बिनतेलाचा आवाज कमी करतो, उचलून एका खोलीतून दुसरीत नेता येतो, पण त्याची मोटार लवकर झिजते म्हणतात. तेलाचा दमदार, पण वजनाला भारी, आणि हवेबरोबर तेलाचा शिंतोडा आला तर पॉलिश केलेल्या पट्टीवर डाग. आपल्याकडची हवा अशी दमट की टाकीत पाणी जमणार, रोज खालचा नळ उघडून काढावं लागणार. ते पाणी काढायचं काम तुम्ही मला देऊनही टाकलं होतं, मशीन यायच्या आधीच. मी म्हटलं, आधी घरात आणा तर, मग पाणी काढते.

एकदा आपण चंद्रपूरला गेलो होतो की नाही, खास तेवढ्यासाठी. दुकानदारानं दोन्ही चालू करून दाखवले. लहान होता तो नुसता गुरगुरला. मोठा चालू झाला तसं दुकानातलं बोलणंच बंद पडलं. तुम्ही टाकीवर तळवा ठेवून डोळे मिटून उभे राहिलात, गाईच्या पोटावर हात ठेवून उभे राहायचात तसे. दुकानदार माझ्याकडे पाहायला लागला. मी पदर सावरून पंखे पाहत असल्याचं सोंग केलं. मग तुम्ही त्याला विचारलंत, "आमच्याइकडं धानाच्या दिवसात मोटारी चालू राह्यते, व्होल्टेज पडते. तवा हा उचलन का?" तो म्हणाला, ते तुमच्या लाईनीवर आहे, भाऊ. झालं. तुम्ही गन घेतली नाहीत, कॉम्प्रेसर घेतला नाहीत आणि पिनांचं एक पाकीट विकत घेऊन बाहेर आलात. परत येताना मूल गावच्या स्टँडवर आलुबोंडा खाताना मी विचारलं, गन नाही तर पिना काऊन घेतल्या? तुम्ही म्हणालात, सुरुवात त झाली. मी तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. ते पाकीट अजून फडताळात आहे, सीलही तोडलेलं नाही.

कलीमभाई तर आपली मशीन द्यायला तयार होते. सुतारकीत त्यांचा जन्म गेला, दुकानात मोठा पट्ट्याचा कॉम्प्रेसर, गन, सगळं आहे. एक दिवस ते स्वतः येऊन म्हणाले की डॉक्टरसाब, शुक्रवारी माझं काम बंद असते, माणूस देतो, मशीन देतो, संध्याकाळपर्यंत घर पूर्ण. मला वाटलं, सुटले. तुम्ही त्यांना चहा पाजलात, पान दिलंत आणि म्हणालात,

"दुसऱ्याची मशीन घरी आणली का काम उरकावं लागते, कलीमभाई. मले उरकायचं नाई, करायचं हाय."

कलीमभाई माझ्याकडे पाहून हसले. मला त्या दिवशी तुमचा असा राग आला म्हणून सांगू. संध्याकाळी आपलं वाजलं. मी म्हणाले, तुम्हाला मशीन घ्यायचीच नाही, तुम्हाला नुसतं ठरवत बसायचं आहे. तुम्ही म्हणालात, तुले नाई समजत. मी म्हणाले, मला सगळं समजते. ते भांडण तसंच अर्धवट राहिलं. आता वाटते की मला खरंच समजलं होतं. नोकरीत आयुष्यभर तुम्हाला घाई होती. दहा गावं, शंभर गुरं, लस बर्फातून काढली की तापायच्या आत टोचायची. पहिल्यांदा तुमच्या हातात असं काम आलं होतं की ज्याला कोणी थांबलेलं नव्हतं. पण हे मी बोलले नाही. बोलले असते तर तुम्हाला बरं वाटलं असतं आणि वाद संपला असता. वाद संपावा असं मला तरी कुठे वाटत होतं.

पट्ट्यांवर तुम्ही खूण केली नव्हती. पेन्सिलीची खूण पॉलिशखाली दिसते म्हणून. ज्या खोलीच्या पट्ट्या त्या खोलीतल्या दिवाणाखाली, भिंतीकडून दाराकडे अशा रांगेनं, हाच तुमचा हिशोब. कोणती पट्टी कोणाची हे तुम्ही हात फिरवून सांगायचात. मी म्हटलं होतं, मला तरी सांगून ठेवा. तुम्ही म्हणालात, तुले कायले पायजे, मी हाय ना.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही ताटावर बसलात आणि भाताला हात न लावता म्हणालात,

"सुमन, माह्यानं काई ठरून नाई राह्यलं. तूच सांग आता. तू म्हणशील तोच घेतो, देवाशपथ."

वर्षभरात पहिल्यांदा तुम्ही मला विचारलंत. जावयांना विचारलं, कलीमभाईंना विचारलं, मोबाईलवरच्या कोणा परप्रांतीयाला विचारलं, आणि शिलाई मशीनवर ज्या बाईचा जन्म गेला तिला शेवटी. उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण मला मजा येत होती. म्हटलं, "उद्या सांगते. एक दिवस भाव खाऊ द्या मले."

तुम्ही हसलात. "खा बाई, खा," म्हणालात आणि भातावर वरण ओतून घेतलंत.

सकाळी तुम्ही शर्ट घालायला दिवाणावर बसलात आणि एक बाही चढवून मागे टेकलात. मला वाटलं, दम लागला. मी चहा गाळून आणला. पुढचं काय सांगू, तुम्हीच तर होतात तिथे.

त्या दिवशी मोठा पाऊस होता. तुम्हाला पुढच्या खोलीत ठेवायचं म्हणून बायकांनी घर रिकामं केलं. दिवाण हलवले, दिवाणाखालचं सगळं ओढून पडवीत नेलं. चारही खोल्यांच्या पट्ट्या एका ढिगात. मी तुमच्या उशाशी बसलेली, दारातून मला तो ढीग दिसत होता. मनात आलं, रांग मोडली. असं आपलं माणूस समोर पडलेलं असताना बाईच्या मनात रांग यावी, याची मला लाज वाटली आणि तरीही ती मनातून जाईना.

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. मयतीला येणारं प्रत्येक घर एकेक लाकूड घेऊन येते. लोक आणत होते, ट्रॅक्टरमध्ये टाकत होते, पण सगळं लाकूड ओलं. पुरुष मंडळी आपसात बोलत होती की हे पेटणार कसं, वैनगंगेवर वारा आहे. तेवढ्यात मारोतीभाऊजी पडवीतून आले. तुमचा धाकटा भाऊ, एटापल्लीहून निरोप मिळताच निघालेला, तोंड सुजलेलं रडून. दोन्ही हातांनी पट्ट्यांचा भारा छातीशी धरलेला. माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"वहिनी, भाऊनं हातानं घासलेलं हाय. कोरडं हाय. भाऊसंगच जाऊ दे."

काय म्हणणार होते मी? ते जळण नाही, त्या दारांच्या पट्ट्या आहेत, असं? बाई अशा वेळी लाकूड मोजते आहे, असं झालं असतं. आणि तो माणूस किती मायेनं धरून उभा होता. मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही. त्यांनी हो समजलं. भारा ट्रॅक्टरवर चढला. आम्ही बायका फाटकापर्यंत आलो आणि तिथेच थांबलो.

सगळे परत आल्यावर कोणीतरी सांगितलं की डॉक्टर भाग्यवान, अशा पावसात पहिल्या काडीत पेटलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खरंच बरं वाटलं. तुमच्या अंगाला एकही ओलं, वाकडं लाकूड आधी लागलं नाही. आणि त्याच वेळी आतून कोणीतरी ओरडत होतं की त्यातली एक पट्टी तुम्ही सात वेळा घासली होती, ती तरी परत द्या. या दोघी माझ्यातच आहेत आणि एकमेकींशी बोलत नाहीत. मारोतीभाऊजींवर मी रागावू शकत नाही. तुमच्यावर रागावते, ते जमते.

तेरवीनंतर कलीमभाई आले. दुपारभर बसून त्यांनी उरलेल्या पट्ट्या एकेका चौकटीला लावून पाहिल्या. स्वयंपाकघराचं दार पूर्ण जमलं. मागच्या खोलीची खिडकी जमली. पुढच्या दाराच्या दोन्ही उभ्या गेल्या आहेत, वरची आडवी तेवढी राहिली. काही पट्ट्या अशा उरल्या की त्या कुठेच बसत नाहीत, त्यांच्या जोडीच्या गेल्या म्हणून त्यांचं दारच सापडत नाही. कलीमभाईंनी ती आडवी पट्टी हातात धरली, तिची घासलेली पाठ पाहिली आणि म्हणाले, "भाभी, नवीन बनवून देतो. मशीनवर एका दिवसात होते. पण अशी नाही होणार, हे आधीच सांगतो." मी "सांगते" म्हटलं. कलीमभाई पुसायचं फडकं मागून घेऊन, सगळ्या पट्ट्या पुसून, भिंतीशी नीट लावून गेले. रांग चुकलेलीच आहे, पण सरळ आहे.

आणि आता सगळे मला विचारतात. शुभांगी विचारते, जावई विचारतात, दुकानदार थांबलेला आहे. जणू मी मशीन निवडली की घर पुन्हा होतं तसं होईल. मला काय ठाऊक आता? त्या संध्याकाळी मला पक्कं ठाऊक होतं. पक्कं यासाठी होतं की मी चुकले असते तर तुम्ही होतात चूक काढायला. आता मी लहान म्हटलं तर लहान येईल, मोठा म्हटलं तर मोठा येईल, कोणी एका शब्दानं अडवणार नाही. असं होते का कधी? आपल्या घरात माझ्या मनानं एक पडदासुद्धा सहजासहजी लागला नाही. मी दिवसभर या खोलीतून त्या खोलीत जाते, फटींकडे पाहते आणि हात टेकते. दारं तीच, भिंती त्याच, मीच कुठल्या चौकटीची ते मला कळत नाही.

पण तुम्ही विचारलं होतं आणि मी उद्या सांगते म्हटलं होतं. तुमच्या हयातीत मी दिलेला शब्द कधी फिरवला नाही, आता काय फिरवू? तर ऐका.

लहान घ्या. बिनतेलाचा. आपल्याला काय फर्निचरचं दुकान काढायचं नाही, एकेक पिन मारायची, थांबायचं, पाहायचं, पुन्हा मारायची. तेवढ्या हवेला लहान टाकी पुरते. तुम्हाला तो एकट्याला उचलता येईल, कोणाला हाक मारावी लागणार नाही. धानाच्या दिवसात व्होल्टेज पडलं तर पहाटे लावू, तेव्हा असते. आवाज कमी, म्हणजे तुम्ही आतल्या खोलीत पिना मारत असलात तरी मला माझ्या मशीनवर तुमचं बोलणं ऐकू येईल. खरं म्हणाल तर मी त्या संध्याकाळी एवढ्याच कारणानं लहान म्हणणार होते, बाकीची कारणं आता जोडली.

झालं माझं सांगून. तुम्ही आता "पण" म्हणणार, मला माहीत आहे. माझी एकही गोष्ट तुम्ही "पण" लावल्याशिवाय मान्य केली नाही. तेच म्हणाल, त्यात मला नवीन काही नाही, मी मशीन बंद करून बसले आहे, दुपार सगळी मोकळी आहे.

बोला ना.